दोन नॅनो गेले, रिग अजून मुकीच: होमब्रू ट्रान्सीव्हरमधली वायरिंगची चूक सापडत नाहीये

तरंगवेडा

नमस्कार मंडळी.

गेले आठ महिने ४० मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झच्या हौशी रेडिओ पट्ट्याचा) एसएसबी ट्रान्सीव्हर बांधतोय, म्हणजे आवाज पाठवणारा आणि ऐकवणारा एकच संच. अशर फरहान यांच्या बिटएक्स या घरी बांधायच्या रिगच्या धर्तीवरचा आहे, म्हणजे ऐकायला आणि बोलायला तेच दुहेरी दिशेचे अँप्लिफायर आणि तोच १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल फिल्टर. व्हीएफओ (स्टेशन निवडणारा ऑसिलेटर) आणि बीएफओ (सिग्नलमधून आवाज परत मिळवून देणारा ऑसिलेटर) दोन्ही एसआय५३५१ मॉड्यूलमधून येतात आणि त्याला अर्डुइनो नॅनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड चालवतो. फायनलला, म्हणजे शेवटच्या पॉवर टप्प्याला, आयआरएफ५१० ट्रान्झिस्टर. टॉरॉइडवरचा एकेक वेढा हाताने मोजून घातलेला आहे.

टेबलावर उघडा पसरलेला असताना रिसीव्हर दोन महिने सुरेख चालला. डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरवर) ट्रान्समिटही पाहिलं होतं, साडेचार वॉटच्या आसपास मिळत होते. मग रविवारी सगळं कॅबिनेटमध्ये बसवलं. स्विच दिल्यावर दोनेक सेकंद स्पीकरमधून अगदी बारीक खरखर आली, डिस्प्ले एकदम लख्ख पेटला आणि जळका वास सुटला. सप्लाय टिक-टिक करत बंद-चालू होऊ लागला. घाईने वायर उपटली. नॅनोवरची मोठी चिप बोट ठेवता येणार नाही इतकी तापली होती.

मला वाटलं नॅनोच खराब निघाला. दुसरा होता, त्यात प्रोग्रॅम भरून बसवला. तोही तसाच गेला. आता हात लावायची हिंमत होत नाहीये. मुख्य बोर्डावर ७८०५ या पाच व्होल्टच्या रेग्युलेटरच्या आउटपुटला ५.०२ व्होल्ट मिळतात, म्हणजे रेग्युलेटर ठीक आहे. केबलच्या सगळ्या तारा पिन टू पिन बीप करून तपासल्या, त्याही बरोबर. मग चूक कुठे असेल?

क्यूआरपी५

वाईट वाटलं वाचून. ७८०५ ऑसिलेट होत असेल का? आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरड आहे ना? नसेल तर आधी तो लावा. नाहीतर नॅनोची क्वालिटी. हल्ली काहीही मिळतं. तिसरा चांगल्यातला घेऊन बघा.

जुनी कॉइल

तिसरा नॅनो बसवू नका. कृपा करून बसवू नका.

दोन नग एकाच पद्धतीने मेले की दोष नगात नसतो. आधी दोन्ही मेलेल्या नॅनोंचा ५ व्होल्ट पिन ते ग्राउंड रेझिस्टन्स मोजून सांगा, बोर्डातून बाहेर काढून. आणि कॅबिनेटमध्ये बसवताना टेबलावरच्या जोडणीत काय काय बदललं ते सगळं लिहा. "काही नाही" असं उत्तर देऊ नका. काहीतरी बदललेलंच असतं.

मीटरवाली

काकांना अनुमोदन. मला तुमच्या पोस्टमधल्या दोन गोष्टी खटकल्या.

पहिली, "डिस्प्ले एकदम लख्ख पेटला". १६×२ च्या डिस्प्लेचा मागचा दिवा पाच व्होल्टवर ठरावीकच उजळतो. तो लख्ख झाला याचा अर्थ पाच व्होल्टच्या रुळावर (पुरवठ्याच्या तारेवर) पाच नव्हते, बरेच जास्त होते.

दुसरी, "बारीक खरखर". नेहमी मोठी यायची ना? म्हणजे ऑडिओ अँप्लिफायरला कमी व्होल्टेज मिळत होतं. एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी, तेही एकाच क्षणी. ऑडिओचा एलएम३८६ कुठल्या बोर्डावर आहे? आणि दोन बोर्डांमधल्या कनेक्टरच्या पिनांचा क्रम काय?

तरंगवेडा

काका, दोन्ही नॅनो मोजले. एकाला ४ ओहम, दुसऱ्याला २.७. चांगल्या नॅनोला इतकं कमी कधीच येत नाही, हे माझ्याही लक्षात आलं.

ताई, एलएम३८६ पुढच्या बोर्डावर आहे, नॅनो, एसआय५३५१ आणि डिस्प्ले यांच्या शेजारी. ७८०५ मात्र मुख्य बोर्डावर, कारण त्याला हीटसिंक तिथे मिळतं. दोन बोर्डांमध्ये पाच पिनांचा एका ओळीचा, खाचेचा कनेक्टर आहे:

पिन १: १२ व्होल्ट (एलएम३८६ साठी)
पिन २: डिटेक्टरकडून येणारा ऑडिओ
पिन ३: ग्राउंड
पिन ४: पीटीटी, म्हणजे बोलायच्या बटणाचा इशारा (नॅनोकडून रिलेच्या ट्रान्झिस्टरला)
पिन ५: ५ व्होल्ट (नॅनो, एसआय५३५१, डिस्प्ले)

व्हीएफओ आणि बीएफओ वेगळ्या बारीक कोॲक्स केबलने जातात. कॅबिनेटमध्ये बसवताना एवढाच बदल केला की पुढच्या बोर्डावरचा कनेक्टर पुढच्या बाजूने काढून मागच्या बाजूने सोल्डर केला, कारण पुढे पॅनेलला टेकत होता. भोकं तीच, कनेक्टर तोच, लॉकची भिंतही पूर्वीसारखीच बोर्डाच्या खालच्या कडेकडे.

मीटरवाली

सापडलं. एक बॉलपेन घ्या. बोर्डाच्या पुढच्या बाजूने भोकांना डावीकडून उजवीकडे १ ते ५ लिहा. आता कनेक्टर हातात धरा, लॉक खाली, आणि त्याच्या पिना डावीकडून उजवीकडे १ ते ५. पुढून बसवला तर १ वर १ येतो. आता बोर्ड उलटा करा आणि लॉक त्याच खालच्या कडेकडे ठेवून कनेक्टर मागून बसवा. तुमच्या डाव्या हाताला आता कुठलं भोक आहे? ५ नंबरचं.

आरशातल्यासारखा क्रम उलटला. १ ची ५ झाली, २ ची ४ झाली. ३ मात्र ३ च राहिली, आणि तेच घातक ठरलं. ग्राउंड मधोमध असल्यामुळे ते बरोबर जागी पोचलं आणि सर्किट पूर्ण झालं. ग्राउंड चुकलं असतं तर कदाचित काही सुरूच झालं नसतं.

केबल तुम्ही तपासलीत ती निर्दोषच आहे. बीप केबलच्या दोन टोकांमध्ये घेतलात. तो मुख्य बोर्डाच्या पट्टीपासून थेट नॅनोच्या ५ व्होल्टच्या पायापर्यंत घ्यायला हवा होता.

तरंगवेडा

ताई, तुम्ही सांगितलं तसं तपासलं. मुख्य बोर्डाच्या १२ व्होल्टपासून नॅनोच्या ५ व्होल्टच्या पायाशी बीप वाजला. तो ऐकून पोटात गोळा आला. ७८०५ चे ५.०२ व्होल्ट खरेच होते, फक्त ते एलएम३८६ ला जात होते.

कनेक्टर काढून लॉक वरच्या कडेकडे येईल असा १८० अंशात फिरवून बसवला आहे. आता क्रम बरोबर आहे, पाचही तारा बोर्ड ते बोर्ड तपासल्या. आता नवा नॅनो लावू का? डिस्प्ले आणि एसआय५३५१ सुद्धा बदलून टाकावेत असं वाटतंय. मिक्सरचे (फ्रीक्वेन्सी मिसळणारे) डायोडही?

जुनी कॉइल

थांबा. आता तुमच्या हातात फार मोलाची गोष्ट आहे: चूक नेमकी काय होती ते कळलंय. कागद घ्या आणि चुकीचा नकाशा काढा. कुठल्या तारेवरून काय कुठे गेलं, तिथे कोण कोण बसलं होतं आणि त्याची सहनशक्ती किती. नकाशाबाहेरच्या पार्टला हात लावायचा नाही. चालू बोर्डावरचे चांगले पार्ट सोल्डर काढून तपासण्यात पट्ट्या उखडतात आणि मग खऱ्या बिघाडात हाताने केलेले बिघाड मिसळतात. बांधणाऱ्यांची बरीच यंत्रं मूळ चुकीने जात नाहीत, नंतरच्या घाईने जातात. मी स्वतःच्या दोन रिग अशाच घालवल्या आहेत, म्हणून इतकं कळकळीने सांगतोय.

तुमचा नकाशा मी असा वाचतो.

१२ व्होल्ट गेले ५ च्या रुळावर. तिथला पहिला बळी नॅनो. त्याच्या व्हिन पिनला रेग्युलेटर असतो, पण ५ व्होल्टचा पिन थेट चिपला जातो आणि एटमेगा३२८पी ची कमाल मर्यादा ६ व्होल्ट. दुसरा संशयित एसआय५३५१ मॉड्यूल. त्यावर ३.३ व्होल्टचा एक इवलासा रेग्युलेटर असतो. स्वस्त मॉड्यूलवर '६६२के' असा शिक्का असेल तर तो सहा-सात व्होल्टच्या पुढे टिकत नाही. तो आरपार शॉर्ट झाला की पुढची चिप उघडी पडते, आणि एसआय५३५१ ची कमाल मर्यादा फक्त ३.८ व्होल्ट. तिसरा संशयित डिस्प्ले. त्याची मर्यादा ७ च्या आसपास, पण सप्लाय लगेच कोसळला म्हणून वाचला असेल. तपासून ठरवू.

५ व्होल्ट गेले १२ च्या रुळावर. तिथे एलएम३८६. तो ४ व्होल्टपासून चालतो, त्याला काहीही झालेलं नाही.

ऑडिओ आणि पीटीटी यांची अदलाबदल झाली. डिटेक्टरच्या आउटपुटला कपलिंग कपॅसिटर असेल तर डीसी पुढे गेलंच नाही. रिलेच्या ट्रान्झिस्टरला नॅनोऐवजी एलएम३८६ चा इनपुट जोडला गेला, तिथून त्याला काही मिळण्यासारखं नव्हतं. दोन्ही सुरक्षित.

क्यूआरपी५

मिक्सरच्या डायोडबद्दल माझं मत वेगळं आहे काका. एसआय५३५१ मरताना त्याच्या क्लॉक आउटपुटवर पाच-सात व्होल्ट डीसी आलं असणार. ते कोॲक्समधून थेट डायोड रिंगमध्ये. १एन४१४८ बाहेर काढून जुळणारे चार नवे लावणं अर्ध्या तासाचं काम आहे. नंतर संशय राहण्यापेक्षा बरं.

जुनी कॉइल

क्लॉक आउटपुट आणि मिक्सर यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. डीसी तिथे अडतं. तरंगवेडा, तुमच्या सर्किटमध्ये आहे का बघा. असेल तर डायोड नकाशाबाहेर.

शिवाय रिंगचे डायोड जुळवून बसवलेले असतात, तोल साधलेला असतो. विनाकारण काढले तर कॅरिअर दाबण्याचं काम पुन्हा करावं लागेल. अर्धा तास म्हणता, तो दोन संध्याकाळी खाईल.

तरंगवेडा

आहे. दोन्ही कोॲक्सला ०.१ चे कपॅसिटर आहेत, आणि मीटरवर दोन्ही शॉर्ट नाहीत. डायोडना हात लावत नाही.

नवशिका

मध्येच विचारतो, क्षमा असावी. माझ्याकडे करंट लिमिटवाला सप्लाय नाही. अशा वेळी पहिल्यांदा स्विच देताना काय करावं?

मीटरवाली

१२ व्होल्टच्या तारेत एक १२ व्होल्ट ५ वॉटचा गाडीचा दिवा सिरीजमध्ये लावा. पुढे शॉर्ट असेल तर दिवा पूर्ण पेटतो आणि करंट साधारण ०.४ अँपिअरच्या वर जात नाही. सगळं ठीक असेल तर दिवा मंद राहतो किंवा दिसतच नाही. फक्त रिसीव्हसाठी हे पुरतं. दिव्यावर थोडं व्होल्टेज पडतं, ते लक्षात ठेवून मोजा. ट्रान्समिटच्या वेळी मात्र दिवा काढून २ अँपिअरचा फ्यूज घाला.

तरंगवेडा, तुम्हीही असंच करा. नॅनो, एसआय५३५१ आणि डिस्प्ले तिन्ही काढून ठेवा आणि रिकाम्या सॉकेटवर व्होल्टेज मोजा. मग एकेक बसवा, प्रत्येक वेळी दिवा आणि ५ चा रूळ बघून. डिस्प्ले आधी, कारण तो एकटाच बरंच सांगतो.

तरंगवेडा

आजचा वृत्तांत.

रिकाम्या सॉकेटवर ५.०१ आणि ११.८, अगदी हवे तिथे. दिवा अंधारा. डिस्प्ले लावला तर पहिल्या ओळीत काळे चौकोन दिसले. मी धास्तावलो, पण ताईंचं वाक्य आठवून थांबलो.

मीटरवाली

काळे चौकोन म्हणजे चांगली बातमी. डिस्प्लेला वीज आणि कॉन्ट्रास्ट मिळतोय, फक्त त्याला कोणी काही सांगत नाहीये. नॅनो नसताना असंच दिसतं.

तरंगवेडा

मग तिसरा नॅनो लावला. हात अक्षरशः थरथरत होता. दिवा किंचित लाल झाला आणि डिस्प्लेवर फ्रीक्वेन्सी उमटली! डिस्प्ले वाचला.

त्यानंतर एसआय५३५१ मॉड्यूल एकटंच लावून त्याचा ३.३ चा पिन मोजला. ४.७ व्होल्ट आले. काका, तुम्ही म्हणालात तसाच रेग्युलेटर आरपार गेलाय. आयटूसी स्कॅनरने (नॅनोला जोडलेल्या चिप शोधणाऱ्या प्रोग्रॅमने) हेक्स ६० हा पत्ता शोधला, काही उत्तर नाही. नवं मॉड्यूल लावलं. आता ३.३१ व्होल्ट आणि पत्ताही लगेच सापडतो.

पण रिसीव्हर बहिरा आहे. स्पीकरमधून खरखर पूर्वीसारखी दमदार येते, अँटेना लावली-काढली तरी काही फरक नाही. एकही स्टेशन नाही. म्हणजे डायोड गेलेच असतील ना?

क्यूआरपी५

मी म्हणालो होतो.

जुनी कॉइल

डायोडवर जायच्या आधी एक प्रश्न. एसआय५३५१ बोलतंय हे कळलं, पण ते *काय* बोलतंय ते ऐकलंय का? पत्ता सापडणं म्हणजे घरात माणूस आहे एवढंच. ७.१०० ला डायल ठेवा. तुमचा बीएफओ ११.९९८ असेल तर व्हीएफओ ४.८९८ हवा. दुसऱ्या कुठल्याही शॉर्टवेव्ह रिसीव्हरला वायरीचा तुकडा लावून तो कोॲक्सजवळ ठेवा आणि ४.८९८ वर शिट्टी येते का ऐका.

तरंगवेडा

४.८९८ वर काही नाही. पण खाली-वर फिरवत गेलो तर ५.२९० वर जोरदार कॅरिअर! तो आमचाच आहे, कारण डायल फिरवला की सरकतो. बीएफओ १२.९५८ वर सापडला. दोन्ही चुकलेत. नवं मॉड्यूलही खराब?

मीटरवाली

५.२९० भागिले ४.८९८ करा. १.०८ येतं. १२.९५८ भागिले ११.९९८? तेही १.०८. आणि २७ भागिले २५ किती होतात?

मॉड्यूलवरच्या क्रिस्टलच्या डब्यावर काय छापलंय ते भिंगातून वाचा.

तरंगवेडा

२७.०००!

जुन्यावर २५ होता. प्रोग्रॅम २५ धरून हिशोब करत होता, म्हणून सगळं आठ टक्के वर. बीएफओ फिल्टरपासून जवळजवळ एक मेगाहर्ट्झ लांब गेला होता, ऐकू काय येणार? कोडमध्ये आकडा २७ केला आणि ७ मेगाहर्ट्झ एकदम जिवंत झाला. इतक्या दिवसांनी पुन्हा स्वतःच्या रेडिओवर माणसांचे आवाज ऐकले. खरंच डोळ्यांत पाणी आलं.

क्यूआरपी५

अभिनंदन! डायोडबाबत मी चुकलो, काकांचं बरोबर होतं. काढायला लावले नाहीत हे बरं झालं. २७ चा मामला मलाही माहीत नव्हता, आजच माझं मॉड्यूल तपासतो.

तरंगवेडा

अजून एक अडचण. आवाज येतात पण चिरके, नाकातून बोलल्यासारखे. डायल कितीही हलवला तरी नैसर्गिक होत नाहीत. पूर्वी असं नव्हतं.

जुनी कॉइल

बीएफओचा नेमका आकडा आणि क्रिस्टलची दुरुस्ती तुम्ही कुठे साठवली होती? नॅनोच्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) असेल, तर ती जुन्या नॅनोबरोबर गेली. नव्यात प्रोग्रॅममधला ठोकळ आकडा आहे.

पुन्हा बसवा. आधी दुरुस्ती: एसआय५३५१ चं आउटपुट बरोबर १० मेगाहर्ट्झवर ठेवून ते १०.००० च्या वेळदर्शक स्टेशनशी ठोका शून्य होईपर्यंत जुळवा. मग बीएफओ. अँटेना काढून फक्त खरखर ऐका. फिल्टरच्या मधोमध बीएफओ असेल तर खरखर खोल, घुमणारी लागते. वर सरकवत जा, ती पातळ होत जाईल. ७ मेगाहर्ट्झवर आपण एलएसबी (खालची बाजूपट्टी) वापरतो, आणि तुमच्या रचनेत सिग्नल आणि व्हीएफओची बेरीज होते म्हणून बाजू उलटत नाही. त्यामुळे बीएफओ फिल्टरच्या वरच्या कडेला हवा. ५० हर्ट्झच्या पायऱ्यांनी सरकवा आणि शेवटचा निवाडा माणसाच्या आवाजावर करा, खरखरीवर नको.

तरंगवेडा

तासभर बसलो. ११.९९८१५ वर आवाज इतका स्वच्छ आला की कान तृप्त झाले. यावेळी आकडा ईईप्रॉमबरोबर कॅबिनेटच्या झाकणाच्या आतही लिहून ठेवला.

आता ट्रान्समिट. कनेक्टर सरळ केल्यावर पीटीटीची तार प्रथमच कॅबिनेटमध्ये खरं काम करेल. काय काळजी घेऊ?

जुनी कॉइल

अँटेना काढा, डमी लोड लावा. फायनलच्या बायसचा (त्याचा स्थिर करंट ठरवणारा) प्रीसेट शून्यावर आणा. आयआरएफ५१० चा धातूचा पत्रा म्हणजे ड्रेन, तो कॅबिनेटला टेकत नाही हे आधी मोजा. मायका वॉशर कॅबिनेटमध्ये बसवताना सरकतो किंवा धातूच्या किसाने फुटतो. मग माइक बंद ठेवून पीटीटी दाबा, करंट नोंदवा आणि बायस सावकाश वाढवत करंट १०० मिलीअँपिअरने वाढला की थांबा. उडी मारून वाढला तर लगेच सोडा.

तरंगवेडा

पत्रा ते कॅबिनेट उघडं सर्किट. रिले टक्कन वाजला. बायस शांतपणे बसला. चार २०० ओहमचे रेझिस्टर समांतर लावून ५० ओहमचा लोड केला आहे. डायोड-कपॅसिटरच्या प्रोबवर माइकमध्ये शीळ घातल्यावर २०.४ व्होल्ट आले. डायोडचे ०.६ मिळवून २१ धरले, वर्ग ४४१, भागिले १००, म्हणजे ४.४ वॉट. टेबलावर होते तेवढेच. काहीही कमी झालेलं नाही.

नवशिका

शंभरने का भागलं? लोड तर ५० ओहमचा आहे.

मीटरवाली

प्रोब शिखराचं व्होल्टेज दाखवतो. शक्ती काढायला आरएमएस लागतो, तो शिखराच्या ०.७०७ पट. वर्ग केला की निम्मा होतो, म्हणून भागायला ५० ची दुप्पट.

तरंगवेडा, एक विनंती. तो कनेक्टर पुन्हा कधी काढलात तर आता लॉक वरच्या कडेला आहे हे विसरायला होईल. बोर्डावर पिन १ पाशी पक्क्या शाईने १२ लिहून ठेवा. आणि जमलं तर ५ च्या रुळावर ५.६ व्होल्टचा दणकट झेनर आणि त्याच्या आधी छोटा फ्यूज घाला. पुन्हा १२ आलेच तर झेनर शॉर्ट होईल, फ्यूज उडेल आणि नॅनो वाचेल.

तरंगवेडा

दोन्ही केलं, ताई. १ वॉटचा झेनर आणि ५०० मिलीअँपिअरचा फ्यूज. झेनरमुळे चालू स्थितीत ५.०१ मध्ये काही फरक पडला नाही.

आज सकाळी अँटेना लावून ७.०९० वर हाक घातली. तिसऱ्या हाकेला उत्तर आलं. समोरून ५७ चा रिपोर्ट (स्पष्टता ५, ताकद ७), आवाज स्वच्छ, थोडा बास जास्त. मी त्यांना सांगितलं की रेडिओ हाताने बांधलाय आणि दोन आठवड्यांपूर्वी त्यातून धूर निघत होता. त्यांनी विचारलं काय झालं होतं, आणि पुढची वीस मिनिटं आम्ही पाच पिनांच्या कनेक्टरबद्दलच बोलत होतो.

माइकला ०.१ च्या जागी ०.०४७ चा कपॅसिटर लावून बास कमी करून बघतो. करंटच्या आणि व्होल्टेजच्या सगळ्या नोंदी इथेच खाली तक्त्यात टाकेन, रात्री.